मास्तर निघाले आयपीएलला

बुऱ्हाणपूरहून निघणाऱ्या वाटा तीन. गाडीने भुसावळ गाठलं की तिथून एक लोहमार्ग मुंबईकडे वळतो, दुसरा नागपूरकडे. तिसरी वाट सडकेची. असीरगडाच्या पायथ्यावरून, सनावद-बडवाह करत, नर्मदा ओलांडून ती इंदूरला पोचते. या तीन शहरांच्या मधोमध तापीकाठी आमचं गाव. राज्य मध्य प्रदेश, बाजारहाट निम्मा खानदेशाशी, आणि घरातली भाषा अनेकांची मराठी.

ही भूगोलाची उजळणी एका क्रिकेट प्रशिक्षकासाठी. चंद्रकांत पंडित यांनी प्रशिक्षक म्हणून सहा रणजी करंडक जिंकले. तीन मुंबईसाठी, दोन विदर्भासाठी आणि एक मध्य प्रदेशासाठी. म्हणजे सहाच्या सहा आमच्या या तीन वाटांच्या टोकांवर. सहावा करंडक जिंकून दोन महिनेही झाले नव्हते, तोच 17 ऑगस्ट 2022 रोजी कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून उचललं. मध्य प्रदेशात त्यावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया होत्या. आपला माणूस मोठ्या जागी गेला ही एक, आणि आत्ताच कुठे घडी बसली होती, एवढ्यात गेला, ही दुसरी. मला त्या दुसरीबद्दल बोलायचं आहे. कारण ‘गेला’ म्हणताना आपण धरून चालतो की तो आधी कुठेतरी कायमचा होता. या भागातल्या क्रिकेटचा इतिहास तसं सांगत नाही.

संस्थानी काळापासूनच बघा. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे. बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात, म्हणजे राजधानी नागपूर, आणि नायडू एका अर्थी आपल्याच प्रांताचे. 1923 मध्ये होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतलं, फौजेत हुद्दा दिला, आणि नायडू इंदूरचे झाले ते कायमचे. नागपूरने तेव्हा हळहळ केली असेल तर ती स्वाभाविकच होती. पण त्या एका नेमणुकीतून पुढे जे उभं राहिलं ते विलक्षण होतं. यशवंतराव होळकरांच्या आश्रयाखाली मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे असा संघ जमला. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात होता आणि त्यातले चार सामने त्याने जिंकले. पहिल्याच अंतिम सामन्यात, मुंबईविरुद्ध, चक्क डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. दुसऱ्या महायुद्धात त्याची नेमणूक महूच्या छावणीत होती. ब्रेबॉर्नवर त्याने नाबाद 249 धावा केल्या आणि तरी होळकर हरले. शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे पैसे देईन असं कबूल करणारा एक शेठ सामना संपायच्या आत गायब झाला, असा किस्सा कॉम्प्टनच्या नावावर सांगितला जातो. फ्रँचायझीच्या थकलेल्या मानधनाच्या बातम्या वाचताना मला त्या शेठची आठवण हटकून येते.

संस्थानं गेली, दरबार गेले आणि त्यांची जागा बँका, रेल्वे, कापडगिरण्या आणि मोठ्या कंपन्यांनी घेतली. खेळाडूला नोकरी आणि खेळायला सुट्टी असा व्यवहार ठरला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला. बुऱ्हाणपूरच्या पोराने आता निवडीसाठी नागपूरला जायचं नाही, इंदूरला जायचं, एवढा फरक पडला. होळकर संघाचं नावही त्याच सुमारास यादीतून गेलं. त्यानंतर जो मध्य प्रदेशचा संघ आला, त्याने जवळपास अर्धशतक मोठं असं काही केलं नाही.

आता दादरला जाऊ, कारण प्रशिक्षकाची गोष्ट तिथे सुरू होते. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांची नेट लागायची. सर स्टेट बँकेत नोकरीला. प्रथम दर्जाचा सामना ते आयुष्यात एकच खेळले, तोही बँकेच्याच संघातून. पण शारदाश्रमची मुलं आणि कामत मेमोरियल क्लब यांच्या बळावर त्यांनी जे घडवलं त्याला संगीतातला घराणं हाच शब्द शोभतो. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचं, बाद करेल त्याचं ते, आणि कुणीच बाद केलं नाही तर फलंदाजाचं. सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचं आणि एकाच दिवसात जमतील तेवढ्या डावांत फलंदाजीला उतरवायचं, हे किस्से महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहेत. कमी बोललं जातं ते असं की या घराण्यातून फलंदाज निघाले त्यापेक्षाही प्रशिक्षक जास्त निघाले. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, लालचंद राजपूत, अमोल मुजुमदार, पारस म्हांब्रे, संजय बांगर, रमेश पोवार. एकाच पार्कातल्या नेटमधून पुढल्या तीस वर्षांत देशभरच्या संघांना मास्तर मिळाले.

स्वतः सर मात्र कुठेही गेले नाहीत. 1990 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आला, 2010 मध्ये पद्मश्री. 2 जानेवारी 2019 ला त्यांचं निधन होईपर्यंत त्यांचा पत्ता दादरचाच राहिला. याचा आधार घेऊन जुनी मंडळी आजच्या प्रशिक्षकांना टोमणे मारतात, ते मला पटत नाही. सरांच्या घरची चूल बँकेच्या पगारावर चालत होती. मैदान हे त्यांचं वेड होतं, नोकरी दुसरीकडे होती. ज्याचं मैदान हीच नोकरी आहे, त्याने त्यागाचा तोच हिशेब का मांडायचा?

पंडित पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने खेळले. यष्टिरक्षक, पण किरण मोरे यांच्या काळातले यष्टिरक्षक, म्हणजे बरीच वर्षं बाहेरच. नव्वदच्या दशकात मुंबई सोडून ते मध्य प्रदेशकडून खेळू लागले आणि कर्णधार झाले. एप्रिल 1999 मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेश रणजीच्या अंतिम सामन्यात उभा होता, समोर कर्नाटक. पहिल्या डावात मध्य प्रदेशाने 75 धावांची आघाडी घेतली. पाच दिवसांचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक मिळतो. म्हणजे शेवटच्या दिवशी फक्त टिकायचं होतं. लक्ष्य होतं 247. जिंकायची गरज नव्हती, बाद व्हायचं नव्हतं एवढंच. विजय भारद्वाजने 24 धावांत सहा बळी घेतले आणि मध्य प्रदेश 150 वर आटोपला. पराभव 96 धावांनी. ज्याने हा दिवस कर्णधार म्हणून बघितला, त्याच्या मनात तो किती वर्षं सलत राहतो हे पुढे दिसलंच.

खेळणं थांबल्यावर पंडित प्रशिक्षक झाले. 2002-03 आणि 2003-04 असे लागोपाठ दोन रणजी करंडक त्यांनी मुंबईला दिले. मग मधली वर्षं इतरत्र गेली. त्या मधल्या वर्षांत भारतीय क्रिकेटचा बाजार बदलला.

2008 मध्ये आयपीएल आली तेव्हा संघांच्या मालकांना देशी मास्तरांवर फार भरवसा नव्हता. लालचंद राजपूत यांना मुंबई इंडियन्सने पहिल्या हंगामात घेतलं, वेंकटेश प्रसाद बंगळुरूला, रॉबिन सिंग हैदराबादला. पण पहिल्या चौदा वर्षांच्या विजेत्यांची यादी काढून बघा: वॉर्न, लीमन, फ्लेमिंग, बेलिस, राइट, पॉन्टिंग, मूडी, जयवर्धने. भारतीय मुख्य प्रशिक्षकाच्या हाती पहिलं विजेतेपद 2022 मध्ये लागलं, गुजरातच्या आशिष नेहराच्या, आणि नेहराने रणजी संघ शिकवण्याची उमेदवारी कधी केली नव्हती. देशी मास्तराला जागा मिळायची ती साहाय्यकाची. आमरे पुण्याच्या आणि नंतर दिल्लीच्या ताफ्यात गेले, तिथे कोणी श्रेयस अय्यरचं, कोणी आणखी कुणाचं तंत्र घासूनपुसून देण्याचं काम केलं. नाव मात्र कुणा परदेशी माणसाचं.

पंडितांनी स्वतःच सांगितलंय की 2012 च्या सुमाराला शाहरुख खान यांच्याशी त्यांची भेट झाली होती आणि कोलकात्यात येण्याविषयी बोलणंही झालं, पण परदेशी मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करायला त्यांचं मन तयार झालं नाही. हा नकार नीट पाहिला पाहिजे. पैशाला नाही म्हटलं नव्हतं. दुय्यम खुर्चीला नाही म्हटलं होतं.

2015-16 मध्ये ते पुन्हा मुंबईकडे होते. त्या हंगामात श्रेयस अय्यरने 1321 धावा कुटल्या आणि पुण्यात सौराष्ट्राला डावाने हरवून मुंबईने एकेचाळिसावा करंडक घेतला. पुढच्या वर्षी मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात पोचली. सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर. पार्थिव पटेलने 143 धावांची खेळी केली आणि गुजरात प्रथमच विजेता झाला. लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरी, त्यात एक करंडक, आणि तरीही पुढल्या हंगामात मुंबईच्या प्रशिक्षकाच्या खुर्चीत दुसरे गृहस्थ होते. मुंबईत उपविजेता या शब्दाला किंमत नाही, हे त्या शहराचं वैशिष्ट्य म्हणा किंवा दुखणं.

नागपूरने ही संधी साधली. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी खेळत होता आणि साठ वर्षांत त्याने अंतिम फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं. 2017-18 मध्ये पंडित आले. संघात फैज फझल कर्णधार, वसीम जाफर मुंबईहून आलेला, आणि मध्यमगती रजनीश गुरबानी, ज्याचं नाव हंगामाच्या सुरुवातीला नागपूरबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. उपांत्य फेरीत ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला विदर्भाने हरवलं ते अवघ्या पाच धावांनी. गुरबानीने 68 धावांत सात बळी घेतले. अंतिम सामना पुन्हा इंदूरलाच. दिल्लीच्या पहिल्या डावात गुरबानीची हॅट्ट्रिक, मग अक्षय वाडकरचं शतक, आणि 1 जानेवारी 2018 रोजी नऊ गडी राखून विजय. नागपुरात नववर्ष साजरं झालं ते असं. पुढल्या वर्षी नागपूरच्याच मैदानावर सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. आदित्य सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले, त्यात दोन्ही डावांत चेतेश्वर पुजारा.

म्हणजे एकाच माणसाने इंदूरच्या एकाच मैदानावर वर्षभराच्या अंतराने एक अंतिम सामना गमावला आणि एक जिंकला, दोन वेगळ्या संघांसोबत. तिसऱ्या संघाची हाक त्याच मैदानाच्या कार्यालयातून यायची होती.

मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेने पंडितांना बोलावलं. त्यांना आणण्यात संजय जगदाळे यांचा मोठा वाटा, असं तेव्हा बोललं गेलं. हे जगदाळे म्हणजे होळकर संघातून खेळलेल्या माधवसिंह जगदाळे यांचे चिरंजीव. संघटनेचे अध्यक्ष होते पत्रकार अभिलाष खांडेकर. म्हणजे बोलावणारे मराठी, येणारा मराठी, आणि ज्यांना घडवायचं ती पोरं रेवा, ग्वाल्हेर, जबलपूर, इंदूर अशी सगळीकडची. नेमणूक झाली आणि त्याच महिन्यात देश बंद झाला. 2020-21 चा रणजी हंगाम झालाच नाही. 1934-35 पासून सुरू असलेली स्पर्धा पहिल्यांदाच खंडित झाली.

मास्तर म्हणून पंडितांची ख्याती कडक. वेळ म्हणजे वेळ, सराव म्हणजे सराव, आणि ड्रेसिंग रूममध्ये मोठं नाव आणि छोटं नाव असा भेद नाही. मुंबईत याला खडूस म्हणतात, आणि तिथे तो गौरव असतो. इंदूरच्या गाद्या-गप्पांच्या स्वभावाला हे पचायला वेळ लागला असणार. पण बंद पडलेल्या वर्षाने त्यांना एक गोष्ट दिली जी आयपीएलमध्ये कुठल्याही किमतीला मिळत नाही, ती म्हणजे सवड. अठरा-वीस वर्षांच्या पोरांना महिनोन्‌महिने एकाच चाकोरीत घालता आलं.

2021-22 चा हंगामही सरळ गेला नाही. साखळी सामने फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग आयपीएलसाठी खंड, आणि बाद फेरी जूनमध्ये. या खंडात मध्य प्रदेशच्या रजत पाटीदारने 25 मे रोजी ईडन गार्डन्सवर लखनौविरुद्ध नाबाद 112 धावा केल्या आणि सगळा देश त्याला ओळखू लागला. आठवडाभराच्या आत आयपीएल संपली आणि पोरं बंगळुरूजवळच्या अलूरला लाल चेंडूवर परत आली. पंजाबला दहा गडी राखून हरवलं. उपांत्य फेरीत बंगालला 174 धावांनी. त्यात हिमांशू मंत्रीच्या 165 धावा होत्या आणि डावखुऱ्या फिरकीपटू कुमार कार्तिकेयचे आठ बळी. आवेश खान आणि वेंकटेश अय्यर तेव्हा भारतीय संघासोबत होते. म्हणजे मध्य प्रदेश अंतिम फेरीत गेला तो आपल्या दोन सर्वांत प्रसिद्ध खेळाडूंशिवाय.

अंतिम सामना 22 जून 2022 ला सुरू झाला. मैदान चिन्नास्वामी. समोर मुंबई. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण हा सामना माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतल्या देशी क्रिकेटमधला सर्वांत गुंफणीचा सामना आहे. दोन्ही बाकांवर आचरेकर सरांचेच शिष्य. एक पंडित, ज्यांनी याच मैदानावर तेवीस वर्षांपूर्वी मध्य प्रदेशचा करंडक हातातून निसटताना पाहिला. दुसरे मुजुमदार, जे 1988 मध्ये शारदाश्रमकडून पॅड बांधून बसून राहिले आणि समोर सचिन-विनोदची 664 धावांची भागीदारी चालली. ज्यांनी पुढे प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा केल्या आणि भारताकडून एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. जिंकायची घाई दोघांनाही होती आणि वाट बघायची सवयही दोघांना होती.

मुंबईने 374 केल्या, सरफराझ खान 134. मध्य प्रदेशाने उत्तर दिलं ते पंडितांच्या पद्धतीने, म्हणजे कंटाळा येईपर्यंत. यश दुबे 133, शुभम शर्मा 116, पाटीदार 122, एकूण 536. आघाडी 162 ची. पण आघाडीवर विसंबायचं नसतं, हे 1999 ने शिकवलं होतं. शेवटच्या दिवशी मुंबई 269 वर बाद झाली, कारण तिला धावा जलद करून डाव सोडायचा होता आणि त्या नादात गडी पडत गेले. लक्ष्य 108. चार गडी गमावून ते गाठलं. आदित्य श्रीवास्तवच्या संघाने मध्य प्रदेशला पहिला रणजी करंडक दिला, आणि होळकरांचे चार हिशेबात धरले तर इंदूरला जवळपास सत्तर वर्षांनी. पंडित मैदानावर रडले. कॅमेऱ्यांनी ते सगळ्यांना दाखवलं, म्हणून इथे त्याचं वर्णन करत नाही.

आणि मग ऑगस्ट. ब्रेंडन मॅक्युलम इंग्लंडच्या कसोटी संघाकडे गेल्यामुळे कोलकात्याची मुख्य खुर्ची रिकामी झाली होती. दहा वर्षांपूर्वी नाकारलेल्या घरातून आता पहिली खुर्ची चालून आली होती. ते गेले. मी तिथे असतो तर मीही गेलो असतो, आणि ही टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकजण गेले असते.

पहिलं वर्ष अवघड गेलं. श्रेयस अय्यर पाठीच्या दुखण्याने बाहेर, नितीश राणा कर्णधार, संघ सातवा. रिंकू सिंगचे शेवटच्या षटकातले पाच षटकार सोडले तर आठवणीत राहावं असं फारसं काही नाही. नंतर नामिबियाच्या डेव्हिड वीसाने जाहीरपणे सांगितलं की पंडितांची लष्करी शिस्त परदेशी खेळाडूंना जाचायची. कसं वागायचं, काय घालायचं हे जगभर खेळून आलेल्या माणसांना कुणी सांगावं हे त्यांना रुचायचं नाही. भारतातल्या चाहत्यांनी यावर वीसाला शिव्या घातल्या. मला मात्र वाटतं की तो खरं बोलत होता, आणि त्यात पंडितांचीही काही चूक नव्हती.

दोघंही बरोबर कसे, याचं उत्तर अमेरिकेत आधीच मिळालेलं आहे. तिथे बास्केटबॉलचे विद्यापीठांतले प्रशिक्षक अधूनमधून एनबीएकडे जातात आणि त्यातले बरेच हात पोळून परत येतात. रिक पिटिनो केंटकी विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देऊन 1997 मध्ये बॉस्टनला गेले, साडेतीन वर्षांत राजीनामा दिला आणि पुन्हा विद्यापीठात जाऊन जिंकू लागले. मिशिगनचे जॉन बीलाइन 2019 मध्ये क्लीव्हलँडला गेले, हंगामही पुरा केला नाही. विद्यापीठात मुलं येतात आणि तीन-चार वर्षांत जातात, मास्तर राहतो. कोण खेळणार हे तो ठरवतो, म्हणून त्याचा शब्द चालतो. व्यावसायिक संघात खेळाडूचा पगार मास्तरच्या कित्येक पट, आणि दोघांचं पटलं नाही तर मालक कुणाला ठेवणार हे सांगायला नको. बटलरसारख्या छोट्या विद्यापीठाला लागोपाठ दोनदा अंतिम सामन्यात नेणारे ब्रॅड स्टीव्हन्स 2013 मध्ये बॉस्टनला गेले आणि टिकले, ते अपवाद. तेही शेवटी बाकावरून उठून संघाच्या कार्यालयात गेले आणि 2024 चं विजेतेपद संघबांधणी करणारा अधिकारी म्हणून त्यांनी पाहिलं.

कोलकात्यातही तेच गणित होतं. मध्य प्रदेशात पंडितांनी वेंकटेश अय्यरला सांगितलं की असं खेळ, तर तो खेळायचा. आयपीएलमध्ये कुठला गोलंदाज हवा हे लिलावाच्या टेबलावर ठरतं, आणि मिचेल स्टार्कला 24 कोटी 75 लाख देऊन आणल्यावर त्याला पहाटेच्या सरावाचं महत्त्व पटवायला कुणी जात नाही. शिवाय दोन महिन्यांत चौदा सामने, दर सामन्याला नवं शहर. शिकवायचं कधी? तिथे मास्तर हा शिक्षक कमी आणि व्यवस्थापक जास्त असतो.

तरी 2024 मध्ये कोलकाता जिंकली. 26 मे रोजी चेन्नईत हैदराबादचा डाव 113 वर आटोपला आणि वेंकटेशच्या नाबाद 52 धावांनी सामना अकराव्या षटकातच संपवला. कर्णधार श्रेयस अय्यर, पंडितांच्या 2015-16 च्या मुंबईचा. रणजीच्या शाळेत शिकवून आलेल्या देशी मास्तराने आयपीएल जिंकल्याचं असं दुसरं उदाहरण तोवर नव्हतं. पण त्या वर्षी मार्गदर्शक म्हणून गौतम गंभीर परतला होता, साहाय्यक म्हणून अभिषेक नायर होता, आणि श्रेय जवळजवळ सगळं त्या दोघांकडे गेलं. जुलैमध्ये गंभीर भारताचा प्रशिक्षक झाला, नायरही सोबत गेला. पंडित कोलकात्यातच राहिले. पुढल्या लिलावात वेंकटेशवर 23 कोटी 75 लाख लागले, श्रेयसला मात्र सोडलं होतं. संघ आठवा आला. जुलै 2025 अखेरीस पंडित आणि कोलकाता वेगळे झाले.

तीन वर्षं, एक विजेतेपद आणि निरोप. मुंबईने 2017 मध्ये त्यांच्याशी जे केलं त्यापेक्षा हे वेगळं नव्हतं. म्हणून मला राज्य संघटनांची तक्रार ऐकून घ्यावीशी वाटत नाही. करार वर्षा-दोन वर्षांचा द्यायचा, एक अंतिम सामना हरला की माणूस बदलायचा, आणि त्याने दुसरीकडे पाय ठेवला की निष्ठेची भाषा काढायची.

आता जरा मध्य प्रदेशात पुढे काय झालं ते पाहू, कारण खरा हिशेब तिथे आहे. त्या करंडकानंतरच्या लागोपाठ दोन हंगामांत मध्य प्रदेश रणजीच्या उपांत्य फेरीत पोचला. एकदा बंगालकडून हरला, एकदा विदर्भाकडून. डिसेंबर 2024 मध्ये मुश्ताक अली करंडकाच्या अंतिम सामन्यात पाटीदारच्या नेतृत्वाखाली मुंबईपुढे हार पत्करली. करंडक नाहीत, पण घसरगुंडीही नाही. आणि 3 जून 2025 रोजी अहमदाबादला बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली तेव्हा कर्णधार इंदूरचा पाटीदारच होता. त्या संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक ओंकार साळवी. साळवी हेच तेव्हा मुंबईचे रणजी प्रशिक्षकही होते; 2023-24 चा करंडक त्यांच्याच हाताखाली मुंबईने जिंकला. बंगळुरूने त्यांना घेतलं तेव्हाच ठरलं होतं की मार्चमध्ये मुंबईचं काम आटोपलं की मग ते इकडे येतील. म्हणजे मास्तरने जायचं की राहायचं हा प्रश्न आता कॅलेंडरनेच अर्धा सोडवला आहे. निम्मं वर्ष राज्याचं, दोन-अडीच महिने मालकाचे. पण मुख्य प्रशिक्षकाला ही सोय तितकी सोपी नाही. लिलाव, शिबिरं, मालकाच्या बैठका हे सगळं वर्षभर चालतं.

मुजुमदारांनी उलटी वाट धरली. राजस्थान रॉयल्सच्या फलंदाजांना शिकवून ते मुंबईकडे आले, आणि मुंबईनंतर ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघाकडे गेले. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत त्यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. 1988 मध्ये पॅड बांधून बसलेल्या मुलाला अखेर पाळी मिळाली, असं त्या रात्री अनेकांनी म्हटलं. त्या कामात शिकवायला वेळ होता, हे कमी जणांनी म्हटलं.

आणि नागपूर. पंडित गेल्यावर विदर्भाची काही वर्षं सर्वसाधारण गेली. मग संघटनेने बाहेर न शोधता आपल्याच जुन्या खेळाडूला, उस्मान घनी यांना, मास्तर केलं. 2023-24 मध्ये अंतिम सामना मुंबईकडून हरला, तरी घनी जागेवर राहिले. मार्च 2025 मध्ये नागपूरलाच केरळविरुद्ध विदर्भाने तिसरा करंडक घेतला. दानिश मालेवारच्या 153 धावा, पहिल्या डावाची आघाडी 37 धावांची, दुसऱ्या डावात करुण नायरचं शतक. सामना अनिर्णित राहिला, आणि 1999 मध्ये जे मध्य प्रदेशाला शेवटच्या दिवशी जमलं नव्हतं ते विदर्भाने खेळपट्टीवर ठाण मांडून जमवलं. उपविजेतेपदानंतर मास्तर न बदलणारी संघटना या भागात मला तरी ही पहिलीच दिसली.